लाल दोऱ्याचं शिराळं

पोटात पोर नऊ महिने राहतं. बायजानं माईकवरचं एक वाक्य अकरा महिने पोटात ठेवलं, आणि ज्या भागोजीबरोबर पस्तीस वर्षं संसार केला त्या नवऱ्यालासुद्धा त्याचा वास लागू दिला नाही. वाक्य काय होतं ते आधी सांगायला हवं, नाहीतर बाई उगाच दुष्ट वाटायची. दुष्टपणा तिनं केलाच. पण उगाच नाही केला.

पोलादपूरहून वर जाणारी एसटी जिथं वळून माघारी फिरते, तिथून अर्धा तास चढलं की बायजाची वाडी. सोळा घरं, सगळी एका भावकीची. घरटी दोन-चार गुरं, उतारावर नाचणी-वरी, आणि मागच्या दारी परस. पावसाळ्यात तिथं ढग सरळ ओटीवर येऊन बसतात. कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत, मिठाच्या बरणीत पाणी होतं, म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात. पण मांडवावरचं शिराळं मात्र असं सुटतं की बघत राहावं. शिराळं म्हणजे शहरात ज्याला दोडका म्हणतात ते. आणि ह्या वाडीचं शिराळं म्हणजे रखमाआयचं शिराळं.

रखमा ही बायजाची सासू. लग्न होऊन आली तेव्हा माहेरचं बी पदराच्या गाठीत बांधून आली होती. हातभर लांब फळ, शिरा बोटाला टोचतील अशा, आणि शिजलं की जिभेवर गोडसर. ती जाऊन बारा वर्षं झाली तरी शिराळ्याला तिचंच नाव राहिलं. सोळाही घरांत तेच बी. कुणाचं उंदरानं खाल्लं, कुणाचं बुरशीनं गेलं, तर मिरगाच्या आधी बायजाच्या दारात यायचं आणि मूठभर बी घेऊन जायचं. मूळ बी राखायचं काम सासूनं थोरल्या सुनेकडं दिलं होतं. बायजा मांडवावरची चांगली फळं हेरायची आणि एकेकाच्या देठाला पांढरा दोरा बांधायची. दोरा दिसला की वाडीतलं शेंबडं पोरही त्याला हात लावत नसे. फळ वेलीवरच वाळायचं, मग आतल्या बियांसकट चुलीवरच्या आढ्याला टांगायचं. तिथं धुरात कीड लागत नाही.

सासूनं कामाबरोबर धाकही दिला होता. ओहोळाच्या काठी रानात कडू शिराळी उगवते. वेल दिसायला तशीच, फळ मात्र बोटाएवढं, आणि तोंडात घातलं तर पोटातलं सगळं बाहेर काढणारं. तिचं फूल मांडवाच्या फुलाला लागलं तर ते फळ गोडच लागतं, पण त्यातलं बी पुढच्या वर्षी कडू निघतं. म्हणून फूल यायच्या आत ती वेल उपटायची. एवढं करून कुठं शिराळं कडू निघालंच, तर जिथनं ते बी आलं तिथलं सगळं बी चुलीत घालायचं, एक दाणा ठेवायचा नाही. रखमाआयचा हा नियम सोळा घरांना तोंडपाठ होता.

आता माधुरी. ही बायजाची धाकटी जाऊ, भागोजीच्या भावाची, सुधीरची बायको. महाडात वाढलेली, बी. ए. झालेली. सुधीरचं तिथंच विजेच्या सामानाचं दुकान. बोलायला गोड आणि हाताची चलाख. महाडात पूर येऊन गेला त्या वर्षी त्यांच्या अंगणात ढोपरभर गाळ साचला होता. लोक तो उपसून फेकत होते, हिनं पिशव्यांत भरून गच्चीवर नेला आणि त्यात भाजी लावली. मग मोबाइलवर त्याचे व्हिडिओ टाकायला लागली. लोक बघायला लागले तशी तिला कल्पना सुचली, की एकच भाजी तीन हवामानांत कशी घ्यायची ते दाखवावं. डोंगरावरच्या ढगात, महाडच्या घामट उकाड्यात, आणि तिच्या भावाच्या मुंबईतल्या खिडकीच्या ग्रिलमध्ये.

कल्पना तिची, पण अक्कल सगळी बायजाची. रोज दुपारी फोन यायचा. वहिनी, कळ्या गळतात. वहिनी, पानं पिवळी पडली. वहिनी, ग्रिलमध्ये ऊन दोनच तास येतं, काय लावू? बायजा इथनं सांगायची. आम्ही डोंगरात मिरगाला बी टाकतो, पण खाली तसं करू नको, खालचा पाऊस फुलं कुजवतो, तू महिनाभर मागं टाक. पिशवीला भोकं जास्त पाड. ग्रिलमध्ये शिराळ्याच्या नादी लागू नको, तिथं अळू लाव, माठ लाव. बायजा महाडच्या गच्चीवर दोनदाच चढली होती आणि मुंबईची ती खिडकी तिनं आयुष्यात बघितली नव्हती. पण ऊन कुठनं येतं, भिंत किती तापते, वारा कोंडतो का, असं विचारून विचारून ती सांगायची आणि ते लागू पडायचं. माधुरी व्हिडिओत म्हणायची, मी माझ्या अनुभवातून सांगते. बायजाला त्याचं काही वाटत नसे. घरातलीच तर आहे, म्हणायची. भोळी होती तेव्हा.

दोन वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी महाडच्या एका महिला मंडळानं परसबागेची स्पर्धा ठेवली. आपल्या घरी, आपल्या हातानं लावलेली भाजी मांडायची. माधुरीची शिराळी ऐन वेळी माशीनं सडली. तिनं रडवेल्या आवाजात फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी बायजा पाटी भरून डोंगर उतरली. शिराळी, पडवळ, दोन मोठी तवसं, म्हणजे पावसाळी काकड्या. एक एसटी पोलादपूरपर्यंत, दुसरी महाडपर्यंत, आणि तिथनं डोक्यावर पाटी घेऊन भर पावसात हॉल गाठला. माधुरीनं भाजी टेबलावर सजवली. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून कुकर मिळाला.

कुकर देताना मंडळाच्या अध्यक्षबाईंचं लक्ष बायजाकडं गेलं. लुगडं ढोपरापर्यंत भिजलेलं, पायाला चिखल, हातात रिकामी पाटी. त्यांनी हसून विचारलं, या कोण? माधुरीच्या हातात माईक होता. जाऊ म्हटलं असतं तर पाठोपाठ विचारलं गेलं असतं, मग ही पाटी कुठली? ती क्षणभर अडखळली आणि म्हणाली,

“या आमच्या बागेत कामाला येतात. डोंगरातल्या आहेत. हात चांगला आहे त्यांचा.”

टाळ्या वाजल्या. ते वाक्य हे.

नंतर माधुरीनं तिला कोपऱ्यात नेऊन चहा दिला. मनावर घेऊ नका वहिनी, बोलता बोलता निघून गेलं तोंडातनं, म्हणाली. बायजानं चहा प्यायला, कप विसळून ठेवला आणि एसटीत जाऊन बसली. पोलादपूर येईपर्यंत तिचे कान तापलेले होते. चोरी तिनं खपवून घेतली असती. बी नेलं, अक्कल नेली, नंबर नेला, सगळं घरातच गेलं म्हणून गिळलं असतं. पण भावकीत पहिल्या पाटावर बसणाऱ्या बाईला हिनं दोनशे माणसांत मोलकरीण केलं, आणि ज्या सासूच्या बियाण्यावर कुकर मिळवला त्या सासूचं नावसुद्धा तोंडातनं काढलं नाही. मेली गोड बोलून गळा कापते, आणि वर चहा पाजते!

भांडायचं म्हटलं असतं तर दोन दिवसांचा ताप. तिसऱ्या दिवशी सुधीर वर येऊन पाया पडला असता, भागोजी म्हणाला असता मिटवा आता. बायजाला मिटवायचं नव्हतं. माणसांत गेलेलं तिला माणसांतच परत हवं होतं, आणि माधुरीच्याच तोंडून हवं होतं. बी माझं नाही, जाऊबाईंचं आहे, एवढं तिनं चारचौघांत म्हणावं. आपण होऊन म्हणेल ही आशा आता नव्हती. तेव्हा झक मारत म्हणायची वेळ तिच्यावर आणायची, असं बायजानं ठरवलं आणि त्या रात्री ती शांत झोपली.

युक्ती माधुरीनंच शिकवलेली. तिचा एक व्हिडिओ होता, गच्चीवर मधमाश्या येत नसतील तर नर फूल तोडून मादी फुलावर हलकेच फिरवा, म्हणजे फळ धरतं. शिराळ्याचं फूल दिवस कलताना उमलतं. नवरात्राच्या दुसऱ्या माळेला, गुरं गोठ्यात बांधून झाल्यावर, बायजा ओहोळाकडं गेली. त्या वर्षी कडूची एक वेल तिथं चुकून राहिली होती. चार फुलं तोडून पदरात घेतली आणि मागच्या मागं वेल मुळासकट उपटली, दुसऱ्या कुणाच्या मांडवाला तिचा वारा लागायला नको. मग आपल्या मांडवाखाली आली. एका मादी कळीला तिनं सकाळीच फडकं गुंडाळून ठेवलं होतं. ते सोडलं, रानाचं फूल त्यावर फिरवलं, पुन्हा फडकं बांधलं. जन्मभर जे होऊ नये म्हणून ती राखण करत आली ते आज स्वतःच्या हातानं करत होती.

“आत्याबाय, हे एक फळ मला लागतंय,” ती मेलेल्या सासूला म्हणाली. “बाकी सगळं तुमचंच हाय.”

आणि त्या देठाला तिनं लाल दोरा बांधला.

लाल दोऱ्याचं फळ वाळलं. ते तिनं आढ्याला टांगलं नाही, गोठ्याच्या वळचणीला फडक्यात खोचून ठेवलं. भागोजीनं विचारलं, लाल दोरा कशाला? ती म्हणाली, पांढरा संपला. होळी झाल्यावर तिनं त्यातल्या चार बिया गोठ्यामागं सांडपाण्यावर टाकून बघितल्या. कामात ती पक्की, अंदाजावर काही सोडायची नाही. वैशाखात फळ धरलं. तिनं शेंड्याचा नखाएवढा तुकडा जिभेला लावला, आणि जीभ जी आखडली ती ताकानं तीनदा चूळ भरली तरी सुटेना. बायजा तिथंच शेणाच्या पाटीवर बसून हसली. मग वेल उपटून जाळली.

ज्येष्ठात माधुरी स्वतः वाडीवर चढून आली. येताना बायजाला साडी आणली होती, अबोली रंगाची, चांगली होती. हॉलमधल्या गोष्टीचं तिनं नाव काढलं नाही. भावकीचा गणपती एकच, तो पाळीनं फिरतो, आणि त्या वर्षीची पाळी सुधीरची. पावसात डोंगरावर पाहुणे कुठे चढवायचे, म्हणून गणपती महाडच्या घरी बसवायचा ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, परसातलं, हातानं लावलेलं तेवढंच खायचं. सगळ्या भाज्या एका पातेल्यात, ती ऋषीची भाजी. माधुरीला मंडळाच्या बायकांनाही त्या पंगतीला बोलवायचं होतं, आणि सगळ्याचा व्हिडिओ करायचा होता. तेव्हा वहिनी, चांगलं बी द्या.

बायजानं दिलं. लाल दोऱ्यासकट दिलं. हा दोरा लाल कसा, माधुरीनं विचारलं, तर खास तुझ्यासाठी, म्हणाली. शिकवलंही सगळं खरं खरं. आषाढ लागताच पेर, म्हणजे पहिलं फळ नेमकं ऋषीला येईल. आणि आपल्या घरची रीत विसरू नको, मांडवाचं पहिलं शिराळं ऋषीचं, त्याला नैवेद्य दाखवल्याबिगर तोंडात घालायचं नाय. माधुरी खूश झाली. अय्या, हे तर व्हिडिओत सांगायलाच हवं, म्हणाली. आणि खरंच सांगितलं. आषाढ-श्रावणभर वेलीचे व्हिडिओ आले, फुलं आली, फळं लोंबायला लागली, आणि प्रत्येक वेळी माधुरी छातीला हात लावून सांगायची की आम्ही परंपरा पाळतो. बायजा ते पुन्हा पुन्हा बघायची. तिच्या भावाचा पोरगा नीलेश तिला ते मोबाइलवर लावून द्यायचा, त्याला वाटायचं, आत्याला जावेचं किती कौतुक!

ऋषिपंचमीला वाडी टेम्पोनं महाडात उतरली. वीसेक बायका, गडीमाणसं वेगळी. ठमाबाई आल्या होत्या, भागोजीची चुलती, ऐंशीच्या पुढच्या, भावकीत त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. शहरातल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या, अध्यक्षबाई त्यांच्यात पुढं. माधुरीनं सगळ्यांसमोर बायजाला विळी दिली आणि म्हणाली, वहिनी, तुम्ही चिरायला बसा, तुमचा हात छान चालतो.

बायजा बसली. अळू, भेंडी, लाल भोपळा, पडवळ, मक्याची कणसं, आणि टोपलीत वर ती सात शिराळी, हातभर लांब, हिरवीगार. एरवी कुठलीही बाई शिराळं चिरताना शेंड्याचा तुकडा जिभेला लावून बघते. आज नैवेद्याचं होतं, उष्टं चालत नाही. कुणी चाखलं नाही. बायजा मनाशी म्हणाली, एकदा विचारून बघते. आज हिनं आपण होऊन खरं सांगितलं तर पातेलं माझ्या पायानं लवंडते, लागला धक्का म्हणून सांगते. माधुरी मोबाइल लावायला स्टँड उघडत होती, तिच्याजवळ जाऊन तिनं हळूच विचारलं,

“माधुरी, बी कुणाचं म्हणून सांगशील गो?”

“अहो वहिनी,” माधुरी आरशात टिकली सारखी करत म्हणाली, “लोकांना एवढं कुठे ऐकायचं असतं?”

बायजा परत येऊन विळीवर बसली आणि सातवं शिराळं चिरलं.

भाजी शिजली. सुपारीएवढ्या आठ खड्यांची पूजा झाली, सात ऋषी आणि अरुंधती. नैवेद्य दाखवला. माधुरी मोबाइलपुढं उभी राहिली आणि म्हणाली, हे शिराळं माझ्या घरच्या बियाण्याचं, तीन वर्षं मी ते जीव लावून जपलंय, आज पहिल्यांदा ऋषींना अर्पण केलं. शहरातल्या बायकांनी माना डोलावल्या. वाडीतल्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं, पण पाहुण्यांत कोण बोलणार?

पहिला घास ठमाबाईंनी घेतला. ऋषीचं अन्न थुंकायचं नसतं. म्हातारीनं ते हिरड्यांनी चावलं, थांबली, डोळ्यांत पाणी आलं, आणि गिळलं. अकरा महिने बायजानं माधुरीचा चेहरा डोळ्यांपुढं आणला होता, ठमाबाईंचा एकदाही आणला नव्हता. तिनं उठून म्हातारीचं ताट मागं ओढलं, पण तोवर पंगत सुरू झाली होती. अध्यक्षबाईंनी रुमालात थुंकलं. एक बाई तोंड धरून मोरीकडं धावली, तिच्यामागं दुसरी. कुणी पाणी मागत होतं, कुणी गूळ. माधुरीनं पातेल्यातला चमचा जिभेला लावला आणि तिचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. मोबाइल स्टँडवर चालूच होता.

ठमाबाईंनी गुळाचा खडा तोंडात धरला आणि विचारलं, “कुणाचं बी हे?”

माधुरीनं बायजाकडं बघितलं. पाच मिनिटांपूर्वी ती काय बोलली ते तिच्याच मोबाइलमध्ये होतं. माझं म्हटलं तर हे कडूही तिचंच.

“वहिनींचं,” ती म्हणाली. आवाज फाटला होता. “त्यांनीच दिलं. माझं नाही हे बी. माझं कधीच नव्हतं. दर वर्षी त्यांच्याकडूनच आणते मी.”

“वहिनी म्हणजे?” अध्यक्षबाई बायजाकडं बघून म्हणाल्या. “या तुमच्या जाऊबाई? गेल्या वर्षी तर तुम्ही म्हणालात कामाला येतात.”

माधुरीनं मान खाली घातली. आहाहा! बायजाच्या अंगावरनं थंडगार पाणी गेल्यासारखं झालं. जे हवं होतं ते, जिथं हवं होतं तिथं, जिच्या तोंडून हवं होतं तिच्याच तोंडून मिळालं. ते सुख तिनं एक घोट पाणी प्यायला लागतं तेवढा वेळ भोगलं. कारण ठमाबाई पुढं बोलायला लागल्या होत्या.

त्या वाडीतल्या बायकांना सांगत होत्या की म्हणजे मूळ बीच बिघडलं. बायजाच्या घरचं कडू निघालं म्हणजे सोळा घरांचं गेलं. उद्या वर पोचल्याबरोबर बायजाच्या आढ्यावरचं सगळं चुलीत घाला, आपापल्या घरचंही घाला, मांडव उपटा. रखमाचाच नियम हाय, तिचं बी तिच्या नियमानं जाऊ दे. म्हातारीनं पदरानं डोळे पुसले. बायका माना हलवत होत्या. हळहळत होत्या, पण हलवत होत्या.

बायजानं गप्प बसावं तर जिच्यासाठी एवढं केलं त्या सासूचं बी उद्या स्वतःच्या चुलीत जाईल. बोलावं तर दोन मिनिटांपूर्वी मिळालेलं सगळं जाईल, आणि ऋषीच्या पंगतीत कडू कालवणारी बाई म्हणून मरेपर्यंत ओळखतील. ती उभी राहिली.

“काकी, बी गोड हाय,” ती म्हणाली. “आढ्यावरचं सगळं गोड हाय. कुणी काय जाळू नका. हिला दिलं त्या एकाच फळाचं बी कडू, ते मी केलंय. रानाचं फूल माझ्या हातानं लावलं, आणि लाल दोरा बांधून ठेवलं हिच्यासाठी.”

भागोजी दारात येऊन उभा होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. माधुरी हुंदका देत म्हणाली, असं का केलंत वहिनी, माझ्या घरी, देवासमोर?

“तूच सांगितलंस ना माईकवर, मी तुझ्याकडं कामाला येते म्हणून,” बायजा म्हणाली. “मग केलं काम.”

परतीच्या टेम्पोत कुणी तिच्याशी बोललं नाही. ठमाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, पोलादपूरच्या अलीकडं त्यांना दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा बायजा उतरली, त्यांचं कपाळ धरलं, तोंड धुतलं. म्हातारीनं तिचा हात झिडकारला नाही आणि धरलाही नाही. तुला आमची आठवण नाय झाली गो, एवढंच एकदा म्हणाली.

माधुरीनं तो व्हिडिओ टाकला नाही, आणि त्यानंतर कुठलाच टाकला नाही. सुधीरचा फोन भागोजीला येतो, बायजाला येत नाही. बायजाला पश्चात्ताप झाला का? ठमाबाईंपुरता झाला. माधुरीच्या बाबतीत विचाराल, तर अजून भाकरी थापताना तिला ते पांढरं पडलेलं तोंड आठवतं आणि भाकरी चांगली फुगते. अबोली साडी तिनं घडी न मोडता ट्रंकेत ठेवली आहे.

यंदा मिरगाच्या आधी वाडीतल्या बायका रिवाजाप्रमाणं तिच्या दारात आल्या. बी कुणी जाळलं नव्हतं, ठमाबाईंनीच सांगितलं होतं की बायजा बोलली ते खरं असणार. बायजानं आढ्यावरची वाळकी शिराळी उतरवली आणि एकेकीच्या हातात ठेवली. प्रत्येकीनं घेतलं, बोलली-चालली, सुपारी कातरली. आणि जाताना प्रत्येकीनं ओटीच्या कडेला थांबून, पाठमोरी होऊन, देठाचा दोरा उजेडात धरून बघितला. पांढराच होता. रखमाआयच्या वेळेपासून आजवर दोऱ्याचा रंग कधी कुणी बघितला नव्हता.